सहल काढा, पण रिसॉर्टला नको

हिवाळा आला की कॉलेजांत सहलीची चर्चा सुरू होते. गोवा, कोकण, नाहीतर वॉटर पार्क. आमची सूचना वेगळी आहे. यंदा एक सहल कोल्हापूर जिल्ह्यातच काढा. दहा-पंधरा मित्रमैत्रिणी जमवा, त्यात निम्मे तरी आपल्या धर्माचे नसलेले असू द्या.

सुरुवात दसरा चौकातल्या मुस्लिम बोर्डिंगपासून करा. मुस्लिम मुले शिकावीत म्हणून राजर्षी शाहू महाराजांनी आधी काहींना मराठा बोर्डिंगमध्ये ठेवून घेतले. समाज स्वतः पुढे येईना, तेव्हा 1906 साली त्यांनी मोहमेडन एज्युकेशन सोसायटी काढली आणि अध्यक्षपद स्वतःकडे घेतले. 'आपल्यासाठी कुणी काही केले नाही' हे वाक्य आपण सहज बोलतो. या इमारतीसमोर उभे राहून ते पुन्हा बोलता येते का, पाहा.

तिथून अंबाबाई मंदिर परिसरातल्या बाबूजमाल दर्ग्यात जा. प्रवेशद्वाराच्या चौकटीवर गणपती कोरलेला आहे. आपल्यापैकी काहींना तो खटकेल, बरोबरच्या हिंदू मित्रांना नवल वाटेल. दोघांनीही तिथे थांबून बोलावे. ज्यांनी ती चौकट जपली, त्यांना आपला ईमान कच्चा झाल्यासारखे वाटले नव्हते.

दुसऱ्या दिवशी शिरोळ तालुका. नरसोबाच्या वाडीला सांगतात, की विजापूरच्या आदिलशहाच्या मुलीची दृष्टी परत आली आणि त्याने दत्ताचे मंदिर बांधून दिले. त्याच तालुक्यात खिद्रापूरला कोपेश्वराचे अप्रतिम मंदिर आहे. तिथे भंगलेली शिल्पे दिसतात आणि औरंगजेबाचे नाव कानावर येते. एका ठिकाणी छाती फुगते, दुसऱ्या ठिकाणी मान खाली जाते. खरे तर दोन्हींची गरज नाही. आदिलशहाचे पुण्य आपल्या खात्यावर जमा नाही, तसे औरंगजेबाचे कर्जही आपल्या नावावर नाही. बादशहा आपले नातेवाईक नव्हते. हे आधी आपल्याला पटले, तरच दुसऱ्याला सांगता येईल.

वाडीला लागूनच कुरुंदवाड. इथे मशिदींत गणपती बसवण्याची जुनी प्रथा आहे. मोहरम आणि गणेशोत्सव एकत्र आले, तेव्हा पंजे आणि गणपती एकाच छताखाली राहिले. ही प्रथा सर्वांनी उचलावी असे आमचे म्हणणे नाही. पण ती चालवणाऱ्या माणसांशी बोलल्याशिवाय तिच्यावर मत देऊ नये.

आता कडू भाग. 7 जून 2023 रोजी याच कोल्हापुरात मोबाइलवरच्या स्टेटसवरून दंगल झाली. 14 जुलै 2024 रोजी विशाळगडाच्या वाटेवरच्या गजापुरात मुस्लिमांची घरे आणि मशीद फोडली गेली. 'शाहूंची नगरी' ही पाटी तेव्हा कामी आली नाही. म्हणून सहलीत गजापूरही ठेवा. नुसते फोटो काढायला जाऊ नका. तिथल्या माणसांचे ऐकायला जा. बरोबरच्या हिंदू मित्राने ते स्वतःच्या कानांनी ऐकणे आपल्या शंभर पोस्टपेक्षा मोलाचे आहे. आणि एखाद्या स्टेटसने आपल्याच गल्लीवर काय ओढवू शकते, हे आपल्यालाही तिथेच कळेल.

एकच अट. मुलींना घरी ठेवून ही सहल काढू नका. शाहू महाराजांनी 1917 साली प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले. शंभर वर्षांनंतरही आपल्या घरांत 'मुलगी सहलीला कशाला?' हा प्रश्न उरतो. अब्बांना समजवा, अम्मीला बरोबर घ्या, पण बहिणीला न्या. मशीद, मंदिर, दर्गा यांबद्दलचे समज तपासायला निघताना स्वतःच्या घरातला हा समज मागे ठेवून कसे चालेल?

खर्च फार नाही. एक गाडी, दोन दिवस आणि ऐकून घेण्याची तयारी. दंगलीच्या दिवशी फोन करण्याइतकी ओळख आधीच झालेली असावी लागते. ती अशाच सहलीत होते.