लूनाचा प्लग

कायनेटिकच्या नगरच्या कारखान्याने महाराष्ट्राला लूनावर बसवलं. १९७२ साली आलेली ही ५० सीसीची मोपेड टू-स्ट्रोक होती, ऑइल पेट्रोलमध्येच मिसळायचं. त्यामुळे प्लगवर काजळी धरे, दोन टोकांमधली फट बुजे आणि पायडल मारून मारून माणूस घामाघूम होई. म्हणून प्लगपाना आणि काचकागदाचा तुकडा गाडीसोबतच असे. फोर-स्ट्रोक आल्या आणि प्लग काढून बघायची ही सवय सुटली. हे मला मनापासून खटकतं. शेवगाव-पाथर्डीच्या फुफाट्यात बाइक आणि पेट्रोलवरचा फवारणी पंप वापरणाऱ्याला ती आजही हवी. इंजिन गार होऊ द्या. प्लग सैल केलात की भोवतालची माती आधी फुंकून काढा, नाहीतर खडा थेट सिलिंडरमध्ये. मग प्लग काढून त्याचं टोक नीट बघा: फिकट तपकिरी असेल तर इंजिन खुशाल आहे, कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा एअर फिल्टर तुंबलेला, पांढरंफटक म्हणजे इंजिन तापतंय. फट फिलर गेजने मोजा. बऱ्याच बाइकना ०.८ ते ०.९ मिमी लागते, पण आपल्या गाडीचं पुस्तक प्रमाण. वाकवायचं ते फक्त बाहेरचं टोक. मधल्या चिनी मातीला जोर लागला तर ती तडकते. नवा प्लगही मोजूनच बसवा आणि पहिले आटे बोटांनीच फिरवा. ॲल्युमिनियमच्या हेडमधला आटा गेला, तर खर्च प्लगच्या कैक पट येतो.