स्वभावाला औषध आहे

दहावी-बारावीच्या गुणवंतांचा सत्कार होता. मराठवाड्यातले तालुक्याचे गाव, शादीखान्याचा हॉल, समोर मुले-मुली आणि त्यांचे पालक. पुण्याहून आलेले प्रमुख पाहुणे म्हणाले, "पश्चिम महाराष्ट्राने कष्टाची संस्कृती जोपासली म्हणून तो पुढे गेला. तुम्ही निझामी ऐषआरामात राहिलात म्हणून मागे पडलात." टाळ्या पडल्या. मग आपल्यातलेच एक बुजुर्ग उठले आणि त्यांनी भर घातली, "खरे आहे साहेब. त्यात आपली कौम तर मुळातच आळशी." पुन्हा टाळ्या!

हा लेख त्या टाळ्यांविरुद्ध आहे.

प्रांताची श्रीमंती-गरिबी लोकांच्या संस्कृतीवरून आणि स्वभावावरून ठरते, हा विचार नवा नाही. १९०४-०५ मध्ये मॅक्स वेबर यांनी भांडवलशाहीचे नाते प्रोटेस्टंट नीतीशी जोडले. वेबर मोठे विचारवंत. पण त्यांच्या नावावर पुढे जे स्वस्त शहाणपण खपवले गेले, त्याचा मतलब एकच: गरीब आपल्याच गुणांनी गरीब. मलेशियाचे समाजशास्त्रज्ञ सय्यद हुसेन अलातास यांनी १९७७ च्या आपल्या ग्रंथात या शहाणपणाचा बुरखा फाडला. मलय माणसाला आळशी कोणी ठरवले? वसाहतवाल्यांनी. तो स्वतःच्या शेतात राबत होता; गोऱ्याच्या मळ्यात मजुरी करायला तयार नव्हता, एवढाच त्याचा आळस.

आता आपल्या घरी या. दसरा-दिवाळी झाली की बीड आणि शेजारच्या जिल्ह्यांतून लाखो माणसे मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीला निघतात. नवरा-बायकोच्या जोडीला तिथे 'कोयता' म्हणतात. माणसाला हत्याराचेच नाव! पहाटेच्या थंडीत फडात उतरायचे, ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या, गाडी भरायची. एक दिवस चुकला की खाडा, आणि खाड्याला दंड. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न गाजला आणि शासनाला चौकशी समिती नेमावी लागली. कष्टाळू म्हणवणाऱ्या प्रदेशाच्या साखरेचा ऊस 'आळशी' मराठवाड्याचे हात तोडतात. आळशी कोण, हे वाचकांनीच ठरवावे.

मग फरक कशाचा? पाण्याचा, भांडवलाचा आणि सत्तेचा. नीरेचा डावा कालवा १८८५ मध्ये सुरू झाला. भंडारदरा धरण १९२६ मध्ये पूर्ण झाले. त्याच प्रवरेच्या पाण्यावर १९५० मध्ये प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला. आमची मांजरा बीडच्या बालाघाटात उगम पावते. पण निझामाने तिच्यावर मोठे धरण बांधले ते तेलंगणात, १९३१ मध्ये, निझामसागर. गोदावरीवर जायकवाडी पूर्ण व्हायला १९७६ उजाडले. मुंबईला विद्यापीठ १८५७ मध्ये मिळाले, मराठवाड्याला १९५८ मध्ये. निझामी ऐषआराम जहागीरदाराच्या हवेलीत होता. कुळाच्या झोपडीत, मग ते कूळ हिंदू असो की मुसलमान, तो कधी शिरलाच नाही.

निझामाचे राज्य १९४८ मध्ये गेले. पुढचा हिशेब कोणाच्या नावावर? १९८४ मध्ये दांडेकर समितीने राज्याचा विकासाचा अनुशेष सुमारे ३१८६ कोटी रुपयांचा दाखवला आणि त्यात विदर्भ-मराठवाड्याचा वाटा मोठा होता. १९९४ मध्ये विकास मंडळे आली. ३० एप्रिल २०२० ला त्यांची मुदत संपली. २०१६ मध्ये लातूरची तहान भागवायला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. याला संस्कृती म्हणायचे की धोरण?

राहिला कौमचा प्रश्न. १८५७ नंतर उत्तरेतून आलेल्या मोमीन विणकरांनी मालेगाव घडवले. तिथला यंत्रमाग कामगार बारा-बारा तासांच्या पाळीत उभा असतो. २००१ च्या जनगणनेत देशातल्या मुसलमानांची साक्षरता ५९.१ टक्के होती, देशाच्या सरासरीपेक्षा कमी. महाराष्ट्रात मात्र ती ७८.१ टक्के, राज्याच्या सरासरीपेक्षा थोडी जास्तच! दीन तोच, कलमा तोच. प्रांत बदलला की आकडा बदलला. मग दोष रक्तात कसा? आणि २००६ च्या सच्चर अहवालाने हेही नोंदवले की काही बँकांनी मुस्लिम वस्त्यांना नकारात्मक क्षेत्र ठरवले होते. कर्जच नाकारायचे आणि वर म्हणायचे, यांच्यात उद्योजकता नाही!

मग संस्कृती आणि स्वभाव यांना काहीच अर्थ नाही का? आहे. २०१८ मध्ये मानसशास्त्रज्ञांनी इंग्लंड-वेल्समधल्या जुन्या कोळसापट्ट्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तिथल्या लोकांत आजही चिंता, उदासी अधिक आणि शिस्त, चिकाटी कमी आढळली. म्हणजे प्रदेशाला स्वभाव असतो. पण तो आभाळातून पडत नाही. अर्थव्यवस्थेने केलेली जखम पिढ्यान्‌पिढ्या अंगावर राहते, तिलाच आपण स्वभाव म्हणतो.

आपल्याही अंगावर असे व्रण आहेत. कर्ज काढून लग्न करणे, हुशार मुलीची शाळा सोडवणे, प्रत्येक गोष्ट नशिबावर टाकणे. हे मी झाकणार नाही. त्यांच्याविरुद्ध आपल्यालाच लढायचे आहे. पण व्रण दाखवून कोणी जखम करणाऱ्याला मोकळे सोडत असेल, तर त्याला टाळ्या कशासाठी? ज्या मुलाला 'तू जन्माने आळशी' असे शिकवले, तो कालवा मागत नाही, वसतिगृह मागत नाही, कर्ज मागत नाही. तो मान खाली घालतो. पुढाऱ्यांना, आपल्याही पुढाऱ्यांना, हेच हवे असते.

त्या दिवशी सत्कार झालेल्यांत एका ऊसतोड मजुराची मुलगी होती. तिचा बाप मागच्या रांगेत बसला होता. कोयत्याने घट्टे पडलेल्या हातांनी तोही त्या भाषणाला टाळ्या वाजवत होता.

स्वभावाला औषध नाही, अशी म्हण आहे. ती खोटी आहे. औषध आहे: शेताला पाणी, मुलीला शाळा, हाताला भांडवल, घामाला पूरा दाम. ते मागायचे असेल, तर आधी टाळ्या थांबवल्या पाहिजेत.