वारसा शहराचा, खर्च मालकाचा

ओव्हल मैदानाच्या पूर्वेकडील उच्च न्यायालय आणि मुंबई विद्यापीठाच्या गॉथिक वास्तू सार्वजनिक संस्थांच्या ताब्यात आहेत, तर पश्चिमेकडे मुख्यतः १९३० च्या दशकात उभ्या राहिलेल्या आर्ट डेको इमारतींत खाजगी मालक, भाडेकरू आणि गृहनिर्माण संस्था नांदतात. २०१८ साली युनेस्कोने दोन्ही बाजूंना एकत्रितपणे जागतिक वारसा यादीत स्थान दिले. हा वारसा सांभाळण्याचे ओझे मात्र दोहोंवर सारखे नाही.

१९९५ च्या मुंबई वारसा नियमावलीने सुट्या वास्तूंबरोबरच ‘परिसरां’नाही, म्हणजे घरांच्या सबंध रांगेच्या एकत्रित रूपालाही, संरक्षण दिले. असे संरक्षण योग्यच आहे, कारण आर्ट डेकोचे सौंदर्य एकेका इमारतीपेक्षा सारख्या उंचीच्या ओळीत, गोलाईदार सज्जांत आणि लांब आडव्या छज्जांत असते, आणि मध्येच एक मनोरा उठला की ती ओळ मोडते. परंतु समुद्राच्या खाऱ्या हवेने काँक्रीटमधील सळई गंजून फुगते, गिलावा सुटतो, आणि मूळ रूप राखून केलेली दुरुस्ती साध्या डागडुजीपेक्षा कितीतरी महाग पडते.

हा पैसा भाड्यातून उभा राहत नाही. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने जुनी भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधली. ही गोठवणूक काळाच्या ओघात अवाजवी ठरल्याचे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये म्हटले, आणि १९९९ च्या कायद्याने वर्षाला ४ टक्के वाढीची मुभा दिली, परंतु मूळ रक्कमच नाममात्र असताना त्या वाढीतून एका सज्जाचीही दुरुस्ती होत नाही.

नियमावलीतील भरपाई म्हणजे हस्तांतरणीय विकास हक्क, अर्थात वारसा निर्बंधांमुळे जागेवर करता न येणारे बांधकाम अन्यत्र करण्याचा, विकता येणारा हक्क (टीडीआर). जिथे अनुज्ञेय चटईक्षेत्र आधीच वापरले गेले आहे तिथे त्याचा उपयोग थोडाच, आणि तो एकदाच मिळतो. खारी हवा दरवर्षी येते.

संवर्धनाचा आग्रह सैल करणे हा यावरचा उपाय नव्हे. वारसा समितीने मान्य केलेल्या आणि प्रत्यक्ष तपासलेल्या दुरुस्तीच्या खर्चापोटी मालमत्ता करात सूट द्यावी, ती खर्च उचलणाऱ्यालाच, मग तो भाडेकरू असला तरी, मिळावी, आणि महापालिकेने येत्या अर्थसंकल्पातच तिची तरतूद करावी.