मिल्ट्री

एप्रिलातली दुपार, पार्क चौक, सिग्नल हिरवा, आणि आमची गाडी बंद. मागे हॉर्नचा कल्ला सुरू झाला. मी खाली उतरलो, बॉनेट उघडलं, रुमाल पाण्यात भिजवला आणि पेट्रोलच्या पंपावर ठेवला. चर्रर्र आवाज झाला. शेजारच्या रिक्षावाल्याने मान बाहेर काढली, आधी गाडीकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"काय करलालाव मालक? ताप आलाय का तिला?"

आलाच होता. जुन्या पेट्रोल गाड्यांचा पंप इंजिनाच्या अंगालाच चिकटलेला असतो. सोलापूरचे त्रेचाळीस अंश बाहेरून आणि इंजिनाची धग आतून, अशा कात्रीत नळीतल्या पेट्रोलची वाफ होते. पंप वाफ ओढत बसतो, कार्बोरेटर उपाशी राहतो. दहा मिनिटं थंड घडी ठेवली की पोर उठून खेळायला लागतं, तशी गाडी सुरू होते. तोवर चौकातल्या प्रत्येकाला तुम्हाला सल्ला देण्याचा हक्क असतो.

ही गाडी म्हणजे लष्करातून निघालेला निसानचा एक टनी ट्रक. फौजेत त्याला 'वन टन' म्हणतात, आमच्या मामांच्या गावी 'मिल्ट्री'. मामांनी तो नव्वदच्या दशकात लिलावात घेतला. हौस म्हणून नव्हे. मंगळवेढ्याची ज्वारीची काळी रानं ज्याने पावसात बघितली आहेत त्याला कारण सांगावं लागणार नाही. त्या चिखलात बैलाचा पाय निघत नाही तिथे साध्या टेम्पोचं काय! चारही चाकांना ओढ देणारं स्वस्तातलं वाहन त्या काळी एकच, मिल्ट्री डिस्पोजल. खत, कडबा, एकदा तर आडलेली म्हैस, मामांनी त्यातून सगळं नेलं. मग ट्रॅक्टर आला आणि मिल्ट्री चिंचेखाली उभी राहिली ती अकरा वर्षं. मामा गेल्यावर मामी म्हणाल्या, "भंगारवाला किलोवर मागतोय. तुला पाहिजे तर ने, नाहीतर देते." मी नेली. आमच्या घरात या निर्णयाचा उल्लेख अजून 'त्या दिवशी' असाच होतो.

या गाडीची कुळकथा मला फार आवडते. स्वातंत्र्यानंतरची काही वर्षं आपली फौज दुसऱ्या महायुद्धातून उरलेल्या अमेरिकी-ब्रिटिश गाड्यांवर चालली. कृष्ण मेनन संरक्षणमंत्री असताना ठरलं की गाड्या आपल्याच आयुध कारखान्यांत करायच्या. जर्मनीच्या मान कंपनीच्या परवान्यावर १९५९ साली 'शक्तिमान' ट्रक आला. मग जपानच्या निसानच्या परवान्यावर हा एक टनी आणि त्याचं धाकटं भावंड 'जोंगा'. जोंगा हे जपानी नाव असेल असं मला कितीतरी वर्षं वाटत होतं. ते निघालं जबलपूर ऑर्डनन्स अँड गनकॅरेज असेंब्ली! सरकारी आद्याक्षरांतून इतकं रांगडं नाव दुसरं तयार झालेलं नाही. पोटात सुमारे चार लिटरचं, सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन. ते सुरू झालं की खडखड नाही, धडधड नाही. माजघरात जातं फिरावं तसा एकसारखा घुमणारा आवाज.

आमच्या ओळखीतले एक सुभेदारकाका आहेत. फौजेत ईएमईमध्ये, म्हणजे गाड्या आणि यंत्रं दुरुस्त करणाऱ्या दलात, अठ्ठावीस वर्षं काढून आता सोरेगावकडे राहतात. त्यांना गाडी दाखवली. मला वाटलं, जुनी मैत्रीण भेटल्यासारखे गहिवरतील. ते जमिनीवर आडवे झाले, गाडीखाली सरकले आणि तिथूनच म्हणाले, "इंजिनाचं नंतर. आधी थांबायचं बघा."

हे मी माझ्या यादीत सातव्या नंबरवर लिहिलं होतं. पहिल्या नंबरवर रंग होता.

या गाडीला ब्रेकच्या तेलाची एकच वाट होती. कुठेही नळी फुटली की चारही चाकांचे ब्रेक एकदम जातात. रानात ताशी वीसच्या वेगाने जाताना ते चालून जातं. विजापूर रोडला पुढचा बसवाला हात दाखवून थांबतो तेव्हा नाही. काकांनी दोन कप्प्यांचा मास्टर सिलिंडर बसवायला लावला, पुढची चाकं एका वाटेवर, मागची दुसऱ्या. एक फुटली तरी दुसरी थांबवेल. ड्रम लेथवर घासून गोल केले, लायनर नवे चढवले, गंजलेल्या नळ्या सगळ्या फेकल्या. शिवाय बूस्टर. पूर्वी मामा ब्रेक मारायचे तेव्हा सीटवरून अर्धे उभे राहत. मी ती त्यांची लकब समजत होतो.

मग स्टिअरिंगचे किंगपिन, मग पाट्यांचे बुश, मग वायरिंग. वायरिंग उंदरांनी आधीच सोडवलेलं होतं. डायनामोच्या जागी अल्टरनेटर, पॉइंट-कंडेन्सरच्या जागी इलेक्ट्रॉनिक इग्निशन. दोन्ही बाहेरून दिसत नाहीत, आणि पावसाळ्यातल्या सकाळी फरक मात्र कळतो. रेडिएटर काढून त्याची जाळी जाड केली. तीन बिंदूंचे सीटबेल्ट लावताना खाली लोखंडी पट्ट्या वेल्ड कराव्या लागल्या, कारण बनवणाऱ्यांनी जवानाला बांधून ठेवायची कल्पना केलेलीच नव्हती. सुटे भाग कुठून आले विचाराल तर काही दिल्लीच्या मायापुरीतून, काही हरयाणातल्या डबवालीहून, आणि एक ऑइल सील तर इथल्याच साखर कारखान्याच्या पंपाचं, नेमक्या मापाचं निघालं.

साखरेवरून आठवलं. पेट्रोलमध्ये आता वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ऊस आमच्या जिल्ह्याचा, कारखाने आमचे, त्यामुळे तक्रार करताना जीभ जरा अडखळते. पण जुन्या गाडीला हे पेय मानवत नाही. इथेनॉल जुनं रबर फुगवतं, हवेतली ओल शोषतं आणि टाकीतला वर्षानुवर्षांचा गंज सुटा करून पुढे पाठवतं. पंपाचा पडदा दोनदा विरघळला. शेवटी टाकी आतून साफ केली, नळ्या इथेनॉलला दाद न देणाऱ्या रबराच्या घातल्या आणि इंजिनावरचा पंप बाजूला सारून टाकीजवळ विजेवर चालणारा बसवला. तो मागून पेट्रोल ढकलतो, आणि नळीतल्या दाबामुळे वाफ सहजी धरत नाही. पार्क चौकातला माझा रुमालाचा प्रयोग तेव्हापासून बंद आहे. रिक्षावाला परवा भेटला, म्हणाला, "बरी झाली का ती?"

आता पेट्रोलचा हिशेब. लिटरला पाच किलोमीटर. उतार आणि वारा पाठीशी असेल तर साडेपाच. एका मित्राने सांगितलं, "गाडी नाही, पेट्रोलपंप पोसलालास तू. डिझेल इंजिन टाक, प्रश्न मिटव." असं करणारे पुष्कळ आहेत. मी महिनाभर डळमळलो. पण इंजिन बदलायचं तर नोंदणी खात्याची परवानगी लागते, नोंदणी पुस्तकात तसं चढवावं लागतं. आणि मूळ नमुन्याबाहेरच्या फेरफारांविषयी सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये कडक निकाल दिलेला आहे. हे झालं सभ्य कारण. खरं कारण ते जात्याचं घुमणं. तेच काढून टाकलं तर उरलेल्या पत्र्याला मी मिल्ट्री का म्हणावं?

कायद्याची आणखी एक गंमत. जुलै २०२१मध्ये पन्नाशी ओलांडलेल्या गाड्यांसाठी 'व्हिंटेज' नोंदणीचे नियम आले. मान मोठा, नंबरात 'व्हीए' ही अक्षरं. अट अशी की गाडी मूळ रूपात असावी, आणि प्रदर्शन, रॅली अशा प्रसंगांपुरतीच रस्त्यावर यावी. रोजच्या वापराला बंदी. म्हणजे पन्नाशीनंतर शाल-श्रीफळ घेऊन खुर्चीत बसायचं. आमची आणखी दोन-तीन वर्षांनी पन्नाशीची होईल. ती साध्या नोंदणीवरच राहील, दर पाच वर्षांनी तपासणीला जाईल आणि बाजारातून गहू आणेल.

रंगाचं स्वप्न नियमानेच मोडलं. १९८९च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत संरक्षण खात्याखेरीज कुणाच्याही गाडीला ऑलिव्ह ग्रीन रंग देण्याला मनाई आहे. मामांनी तिला लिलावानंतर फिकट निळा दिला होता, घराच्या खिडक्यांचा उरलेला. मी तोच पुन्हा दिला. ताडपत्रीचं छत अशोक चौकाकडच्या एका शिलाईवाल्याने शिवलं आणि सीटच्या फाटक्या कॅनव्हासवर सोलापुरी चादर पडली, मोराची. सुभेदारकाका मोराकडे बघून बराच वेळ काही बोलले नाहीत.

पण त्यांनी मला एक सवय लावली, ती म्हणजे 'फर्स्ट परेड'. फौजेत गाडी बाहेर काढण्याआधी ड्रायव्हर रोज तिच्याभोवती फिरतो. तेल, पाणी, हवा, पट्टा, दिवे, गळती. सहा-सात मिनिटं लागतात. आमच्या गल्लीत नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येतं, त्या दिवशी सगळी गल्ली पहाटे उठते आणि मी बॉनेटमध्ये डोकं घालून असतो. बायका विचारतात, "पाणी आलं का?" मी रेडिएटरमध्ये बघून हो म्हणतो. यावरून एकदा गैरसमजही झाला आहे.

सगळी कामं उरकल्यावर पहिला लांबचा पल्ला कुठला, यावर मला विचार करावा लागला नाही. हैदराबाद रस्ता. १३ सप्टेंबर १९४८ला मेजर जनरल जयंतनाथ चौधरींच्या हाताखाली भारतीय फौजेची मुख्य तुकडी सोलापुरातूनच निघाली होती. रणगाडे, ट्रक, जीपगाड्या. पहिल्याच दिवशी नळदुर्गचा बोरी नदीवरचा पूल ताब्यात आला आणि १७ तारखेला निजामाने शरणागती जाहीर केली. आमच्या आजीने त्या गाड्यांची धूळ बघितली होती. ती सांगायची की रस्त्याकडेच्या बाभळी कित्येक दिवस पांढऱ्या होत्या, आणि मग हळूच जोडायची, "पण पाऊस पडत होता की रे त्या वेळी." कुठल्या सप्टेंबरची धूळ कुठे जोडली गेली कोण जाणे.

आम्ही ताशी पंचावन्नने गेलो. ती त्याच वेगाला रमते, मागचे गिअर तसेच घडवलेले आहेत. ते बदलून ऐंशीने पळवता येईल असं एकाने सुचवलं होतं, मी नको म्हटलं. बोरामणी, इटकळ, नळदुर्ग. किल्ला बघितला, भजी खाल्ली. परतताना अंधार पडला आणि इटकळच्या अलीकडे मागचे दोन्ही दिवे गेले. नव्या वायरिंगचे, माझ्या देखरेखीखाली बसवलेले. मुलगा मोटारसायकलवर मागे होता. त्याला पाठीशी ठेवून गाडी कडेकडेने हळूहळू गावापर्यंत आणली आणि चहाच्या टपरीच्या उजेडात फ्यूज बदलला.

"तू अंधारात बरोबर मागे कसा राहिलास?" मी विचारलं.

"तो पांढरा गोळा दिसत होता की," तो म्हणाला.

मागच्या अ‍ॅक्सलच्या मधला गोल भाग लष्करी ट्रकांत पांढरा रंगवतात आणि त्याच्यावर एक बारीक दिवा लावतात. ताफा काळोखात चालला की मागच्याला तेवढंच दिसतं, विमानाला दिसत नाही. डॅशबोर्डवरचं एक बटण कशाचं, हे मला कळलं नव्हतं. बोरामणी सोडताना हात लागून ते दाबलं गेलं होतं. उंदरांनी सगळं वायरिंग खाल्लं, त्या दिव्याची वायर तेवढी लोखंडी नळीतून गेलेली होती.

घरी आल्यावर मी काकांना फोन केला. ते म्हणाले, "फर्स्ट परेडला फ्यूज बघितले होते का?"

बघितले नव्हते.