पेटी फुटली, तर चिठ्ठी मागा

हजहून किंवा उमराहहून परतणाऱ्यांचे सामान आपल्या वऱ्हाडात कसे पोहोचते, ते आपण सगळ्यांनीच पाहिले आहे. नागपूरला विमान उतरते. बाहेर भाचे, पुतणे, जावई हार घेऊन कधीचे उभे असतात. पेट्या गाडीच्या टपावर चढतात, दोरी आवळली जाते आणि गाडी अमरावतीच्या रस्त्याला लागते. दीडशे किलोमीटर. अकोल्याचे असतील तर अडीचशे. मुंबईला उतरले तर रात्रभराची रेल्वे. घरी आल्यावर गळाभेटी, दुआ, जेवण, शेजारपाजार. पेटी उघडायला दुसरा दिवस उजाडतो, कधी तिसरा. आणि मग कळते की एक चाक जागेवर नाही, कोपरा चेपून फुटला आहे, चेन उसवली आहे, आणि आतल्या जानमाजवर अत्तराची बाटली सांडून सगळे तबर्रुक एकाच वासाचे झाले आहे.

अकोल्याला शिवणीची धावपट्टी इंग्रजांच्या काळापासून आहे, पण तिथून नेहमीचे प्रवासी विमान उडत नाही. अमरावतीच्या बेलोऱ्याहून १६ एप्रिल २०२५ रोजी मुंबईचे विमान सुरू झाले, तेही लहान. म्हणजे परदेशी जायचे-यायचे तर नागपूर किंवा मुंबईला पर्याय नाही. या अंतराने माणूस थकतो एवढेच नाही, त्याची तक्रारही थकते. तुटलेली पेटी हातात येते तेव्हा विमानतळ दीडशे कोस मागे राहिल्यासारखा वाटतो. घरातले मोठे म्हणतात, "जाऊ द्या, माणसं सुखरूप आली ना? पेटीचं काय घेऊन बसलात!"

माणसे सुखरूप आली हे खरेच, अल्हम्दुलिल्लाह. पण पेटीचे काय, हाही प्रश्न आहे. आणि त्याचे उत्तर कायद्यात लिहिलेले आहे.

१९९९ मध्ये कॅनडातल्या माँट्रियल शहरात विमान प्रवासाबद्दल एक आंतरराष्ट्रीय करार झाला. सौदी अरब त्यात आहे, आणि भारतही २००९ पासून आहे. आपल्या १९७२ च्या 'कॅरेज बाय एअर' कायद्यात हा करार जोडलेला आहे. त्याचे सांगणे साधे आहे. काउंटरवर पेटी सोपवली, तिचा टॅग आपल्याला मिळाला, की ती कंपनीच्या ताब्यात गेली. त्या ताब्यात असताना ती मोडली, हरवली, तर जबाबदारी कंपनीची. आपल्या घरांत याला अमानत म्हणतात, वेगळे समजावून सांगायची गरज नाही. सूट एकच: पेटीच्या मूळच्याच दोषामुळे नुकसान झाले असेल, तर तेवढ्यापुरती कंपनी जबाबदार नाही.

याच करारातले ३१ वे कलम मात्र प्रत्येक घराला माहीत असायला हवे. सामान मोडले असेल तर ते मिळाल्यापासून ७ दिवसांच्या आत लेखी तक्रार गेली पाहिजे. सामान उशिरा मिळाले तर २१ दिवसांच्या आत. मुदत टळली, तर कंपनीने फसवणूक केल्याखेरीज दावा उभाच राहत नाही. आणि त्याच कलमात आणखी एक गोष्ट आहे, जिच्याकडे फार कमी लोकांचे लक्ष जाते. आपण काही न बोलता पेटी उचलून निघून गेलो, तर ती चांगल्या स्थितीत मिळाली असे प्रथमदर्शनी धरले जाते. आपण सब्र म्हणून गप्प बसतो, आणि कागदावर तेच गप्प बसणे कंपनीच्या बाजूची साक्ष होते. नंतर ती साक्ष खोडता येते, पण खोडायचे काम आपल्यावर येते.

म्हणून पट्ट्यावरून पेटी उतरवल्यावर दोन मिनिटे तिथेच थांबावे. चारही बाजू, चाके, मूठ, कुलूप, चेन पाहावी. काही मोडलेले दिसले तर बाहेर न पडता त्याच हॉलमधल्या सामानाच्या काउंटरवर जावे आणि 'पीआयआर' मागावा. पूर्ण नाव प्रॉपर्टी इर्रेग्युलॅरिटी रिपोर्ट. नाव अवघड आहे, पण 'पीआयआर' एवढे तीन अक्षरी म्हटले तरी तिथल्या माणसाला कळते. त्यावर पाच अक्षरे आणि पाच आकडे असा एक क्रमांक येतो. पुढचा सगळा व्यवहार त्या क्रमांकावर चालतो. दोन विमाने बदलून आला असाल तर "आमच्याकडे नाही, आधीच्या कंपनीकडे जा" असे ऐकायला मिळेल. ऐकू नये. एका तिकिटावरच्या सलग प्रवासात पहिली कंपनी, शेवटची कंपनी आणि जिच्या हातून नुकसान झाले ती, यांपैकी कोणाकडेही दावा करता येतो. शेवटच्या विमानतळावर जी कंपनी समोर आहे, तिच्याकडेच चिठ्ठी मागावी.

आता एक गोष्ट, जी आपण घरात बोलतो पण लिहीत नाही. विमानतळावर आपली माणसे आवाज काढायला कचरतात. दाढी-टोपी, बुरखा, पासपोर्टवरचे नाव. उगाच कोणी बाजूला उभे करायला नको, गाडी बाहेर थांबली आहे, निघू या. आमच्या ओळखीतले एक हाजी साहेब, निवृत्त एसटी कर्मचारी, आयुष्यभर डेपोत हक्कासाठी भांडलेले, पण फुटलेली पेटी उचलून मान खाली घालून बाहेर आले. त्यांना भ्याड म्हणायची आमची हिंमत नाही. एवढेच सांगतो की पीआयआर भरायला आवाज लागत नाही. ती भांडणाची जागा नाही, फॉर्म भरायची खिडकी आहे. तिथल्या कर्मचाऱ्याचे ते रोजचे काम आहे, आणि इंग्रजी येत नसेल तर टॅग पुढे करून तुटलेल्या जागेवर बोट ठेवले तरी काम होते.

मोहल्ल्यात अर्ज लिहून घ्यायला लोक आमच्याकडे येतात. मास्तरकीचा हा एक जोडधंदा, बिनपगारी. गेल्या वर्षी एक खाला मुलाला घेऊन आल्या. उमराहहून परत येताना त्यांची मोठी पेटी अशी चेपली होती की झाकण बसेना. कंपनीने (नाव कशाला घ्यायचे) उत्तर पाठवले होते: आपण स्वतः सही करून आम्हाला जबाबदारीतून मुक्त केले आहे. सोबत टॅगचा फोटो.

"सही केली होती का, खाला?"

"केली ना बेटा. त्या पोरानं बोट ठेवून दाखवलं, इथं करा. मी केली. पेटीसाठीच असते ना सही?"

त्या टॅगला 'लिमिटेड रिलीज' म्हणतात. पेटी आधीच मोडकी असेल, ठासून भरलेली असेल किंवा आत फुटणारे, नासणारे काही असेल, तर काउंटरवर हा टॅग लावतात आणि प्रवाशाची सही घेतात. त्यावर कारणांचे छोटे चौकोन असतात, लागू असेल त्यावर खूण करतात. खालांच्या टॅगवर खूण होती 'ठासून भरलेली' या चौकोनावर. आम्ही कंपनीला तेवढेच लिहिले: भरलेल्या पेटीची चेन उसवली असती तर आम्ही बोललो नसतो, पण पेटीचा सांगाडा बाहेरून दबला आहे, हा दाब कपड्यांचा नाही. दोन पत्रे गेली. तिसऱ्या महिन्यात कंपनीने नवी पेटी पाठवली, आधीचीपेक्षा बरीच लहान. खालांनी ती नातीला देऊन टाकली. पण तेव्हापासून त्या घरात कोणी न विचारता सही करत नाही, गॅसवाल्याच्या पावतीवरसुद्धा नाही.

ही सही टाळायची तर थोडी तयारी घरूनच हवी. आपल्याकडे पेटीला सुतळीने आणि नायलॉनच्या दोरीने आवळायची जुनी सवय आहे. जेद्दाच्या विमानतळावर दोरीने बांधलेले, कापडात गुंडाळलेले, गोल किंवा वेडेवाकडे गाठोडे चालत नाही. झमझम पेटीत घालायलाही तिथे मनाई आहे. सोने, मोबाइल, कागदपत्रे, रोख आणि रोजची औषधे हातातल्या बॅगेतच ठेवावीत. आणि पेटी सोपवण्याआधी, भरलेल्या अवस्थेत, चारही बाजूंनी मोबाइलवर फोटो काढावेत. हज कमिटीमार्फत जाणाऱ्यांनी तर हे नक्की करावे, कारण परतीच्या वेळी पेट्या इमारतीतूनच आधी उचलल्या जातात आणि त्यानंतर आपली नजर त्यांच्यावर पडते ती थेट इथे उतरल्यावर.

सामान मोडल्याची जगातली सगळ्यात गाजलेली तक्रार एका गवयाची आहे. कॅनडाचे डेव्ह कॅरोल २००८ च्या मार्चमध्ये युनायटेड एअरलाइन्सच्या विमानाने निघाले होते. शिकागोला विमान थांबले असताना सामान हाताळणारे लोक गिटारी फेकत आहेत, असे सहप्रवाशांनी खिडकीतून पाहिले. कॅरोल यांची महागडी गिटार मोडली. कंपनीचे उत्तर होते की चोवीस तासांत तक्रार केली नाही, म्हणून भरपाई नाही. अनेक महिने या दारातून त्या दारात गेल्यावर त्यांनी सांगितले की आता मी गाणे लिहीन. जुलै २००९ मध्ये ते इंटरनेटवर आले, लाखो लोकांनी पाहिले, आणि मग कंपनी भरपाई द्यायला तयार झाली. तोपर्यंत त्यांना पैशाची गरज राहिली नव्हती, त्यांनी ते दान करायला सांगितले. गाणे छान आहे, मुलांना जरूर दाखवा. पण आपल्या मोहल्ल्यातल्या किती जणांना गाता येते?

आपल्याला पत्रच लिहावे लागणार. शाळेत आम्ही पत्रलेखन शिकवतो. मुले तुंबलेल्या नालीबद्दल महानगरपालिकेला फार सुंदर पत्र लिहितात, पाच गुणांसाठी. घरात खरीच तक्रार करायची वेळ आली की त्याच मुलांचे वडील व्हॉट्सॲपवर रात्री दोन वाजता लिहितात: "तुम्हाला लाज वाटत नाही का?" हा नमुना खरा आहे, अकोल्याच्या एका तरुणाने, जो दम्मामला नोकरीला आहे, आम्हाला दाखवला. त्यात राग होता, तारीख नव्हती.

पत्रात हवे ते असे: प्रवाशाचे नाव तिकिटावर आहे तसे, विमान क्रमांक आणि तारीख, तिकिटाचा पीएनआर, पेटीच्या टॅगचा क्रमांक, पीआयआर असेल तर त्याचा क्रमांक, काय मोडले आणि ते कुठे लक्षात आले, पेटीची किंमत आणि खरेदीची पावती, आधीचे आणि नंतरचे फोटो. आणि शेवटी नेमकी मागणी: दुरुस्ती, बदली पेटी की अमुक रुपये. ही शेवटची ओळ बहुतेक जण विसरतात, मग कंपनी "आपल्या गैरसोयीबद्दल खेद आहे" एवढे कळवून मोकळी होते. पत्र ईमेलने पाठवावे, म्हणजे दिवस आणि वेळ आपोआप नोंदवली जाते. मुदत मोजताना पाठवल्याचा दिवस धरतात, त्यांना मिळाल्याचा नाही. घरी आल्यावर पेटी उघडली आणि मोडतोड दिसली, तरी सात दिवस संपेपर्यंत वाट खुली आहे. विमानतळाची चिठ्ठी नाही म्हणून हात झटकून बसू नये.

रक्कम किती मिळू शकते, हे लोक आधी विचारतात. आंतरराष्ट्रीय प्रवासात कराराची कमाल मर्यादा २८ डिसेंबर २०२४ पासून दर प्रवाशामागे १,५१९ एसडीआर आहे. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे हिशेबाचे एकक, त्याचा दर बदलत राहतो. रुपयांत ही मर्यादा दीड लाखाच्या वर जाते. देशांतर्गत प्रवासात ती २०,००० रुपये आहे. पण ही मर्यादा आहे, बक्षीस नव्हे. चार हजारांची पेटी मोडली तर हिशेब चार हजारांच्याच आसपास राहील, तोही ती किती जुनी होती हे पाहून.

कंपनीने उत्तर दिले नाही किंवा नकार दिला, तर पुढचा रस्ता आपल्याच गावात आहे. नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या 'एअरसेवा'वर तक्रार नोंदवता येते, ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. त्यानेही भागले नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. तो अमरावतीला आहे आणि अकोल्यालाही. २०१९ च्या कायद्याप्रमाणे आपण जिथे राहतो त्या जिल्ह्यात दावा लावता येतो, कंपनीचे कार्यालय दिल्लीला असो की रियाधला. मोजलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, आणि वकील केलाच पाहिजे असेही नाही. मुदत दोन वर्षे. विमान कंपन्या कधी कधी म्हणतात की आंतरराष्ट्रीय प्रवासाचा वाद ग्राहक आयोगात चालत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये ट्रान्स मेडिटेरेनियन एअरवेजच्या खटल्यात, माँट्रियलच्या आधीच्या वॉर्सा कराराखालच्या वादाबाबत, ग्राहक आयोगाला तो अधिकार असल्याचे सांगितले आहे. पत्रात या निकालाचा एका ओळीत उल्लेख केला की कंपनीच्या उत्तराचा सूर बदलतो, असा आमचा अनुभव आहे.

बोर्डिंग पासचा उरलेला तुकडा आणि पेटीवरचा टॅग आपल्याकडे घरी पोहोचताच फाडून टाकतात, किंवा लहान मुलांच्या हाती खेळायला जातात. निदान पंधरा दिवस ते पासपोर्टच्या पाकिटात राहू द्यावेत.

पुढच्या महिन्यात पासपोर्ट आणि आधारवरच्या नावांच्या स्पेलिंगबद्दल. शेख, शैख, शेक, एकाच घरात तीन तऱ्हा असलेल्या कुटुंबांनी आपापले किस्से जरूर कळवावेत.