सुई वैद्यकाची, हुकूम पोलिसांचा

अमेरिकेतील मिनियापोलिस शहरात पोलीस घटनास्थळी हजर असताना रुग्णवाहिकेवरील कर्मचाऱ्यांनी एखाद्या इसमास केटामीन हे गुंगीचे औषध टोचल्याच्या नोंदी २०१२ साली तीन होत्या. २०१७ साली त्या ६२ झाल्या. या पाच वर्षांत त्या शहरात उन्मादाची कोणतीही साथ पसरली नव्हती. मात्र पोलिसांना आवरता न येणारा, किंवा आवरण्याइतका धीर धरण्याची त्यांची इच्छा नसलेला माणूस निश्चेष्ट करण्याचे एक नवे साधन हाताशी आले होते. ते दंडुक्याप्रमाणे शिपायाच्या कमरेस लटकत नव्हते. आजाऱ्याचे प्राण वाचविण्यासाठी धावून येणाऱ्या गाडीतील औषधांच्या पेटीत ते ठेवलेले होते.

ही आकडेवारी पोलिसांच्या कुणा शत्रूने रचलेली नाही. मिनियापोलिसच्या नागरी हक्क विभागातील पोलीस वर्तन चौकशी कार्यालयाने २०१८ साली खुद्द पोलिसांचेच अहवाल चाळून ती काढली. त्या चौकशीत असे दिसले की, काही प्रसंगी औषध टोचण्याचा आग्रह पोलिसांनीच धरला होता. काही जण आधीच बेड्यांनी किंवा स्ट्रेचरच्या पट्ट्यांनी जखडलेले होते. आणि औषधानंतर काहींचा श्वास अथवा हृदयक्रिया बंद पडून त्यांना परत शुद्धीवर आणण्याची धडपड करावी लागली. मे २०१८ मध्ये पोलीस खात्याने आदेश काढला की, शिपायांनी असे औषध देण्याची सूचना किंवा मागणी कदापि करू नये. जी गोष्ट घडतच नव्हती, तिला मनाई करण्याचे कारण काय होते? याच सुमारास तेथील हेनेपिन काउंटीच्या सार्वजनिक रुग्णालयात क्षुब्ध रुग्णांवर त्यांच्या पूर्वसंमतीवाचून केटामीनचा तौलनिक प्रयोग चालू होता. बभ्रा झाल्यावर, जून २०१८ मध्ये, तो थांबविणे भाग पडले.

दोष औषधाचा नव्हे

केटामीन हे काही विष नाही. १९६२ साली पार्क-डेव्हिस कंपनीच्या प्रयोगशाळेत ते तयार झाले, १९७० साली अमेरिकेत त्यास मान्यता मिळाली, आणि व्हिएतनामच्या युद्धात जखमी सैनिकांवर ते वापरले गेले. जागतिक आरोग्य संघटनेच्या आवश्यक औषधांच्या यादीत त्याचा समावेश आहे. जेथे भूल देण्याची अवजड यंत्रे नाहीत, अशा भारतातील लहान गावच्या रुग्णालयांतही त्याच्या आधारे शस्त्रक्रिया पार पडल्या आहेत. परंतु शस्त्रक्रियेच्या दालनात रुग्णाचे वजन घेतले जाते, नाडी व श्वास यांवर नजर असते, आणि मुख्य म्हणजे त्या माणसाचे बरे व्हावे एवढाच सर्वांचा हेतू असतो. रस्त्यावर, पालथ्या पाडलेल्या माणसाच्या पाठीवर तिघांचे गुडघे असताना, यांपैकी काहीही नसते.

कोलोरॅडो राज्यातील अरोरा शहरात २४ ऑगस्ट २०१९ च्या रात्री हेच घडले. एलायजा मॅक्लेन हा २३ वर्षांचा कृष्णवर्णीय तरुण मालिशकाम करून पोट भरीत असे. दुकानातून थंड चहा घेऊन तो पायी घरी निघाला होता. त्याने चेहऱ्यावर लोकरी मुखवटा चढविला होता, एवढ्यावरून कुणीतरी पोलिसांना दूरध्वनी केला. त्याच्यावर कोणत्याही गुन्ह्याचा संशय नव्हता. पोलिसांनी त्यास अडविले, खाली पाडले, गळ्याच्या रक्तवाहिन्या दाबणारी पकड घातली आणि बेड्या ठोकल्या. मागाहून आलेल्या वैद्यकीय कर्मचाऱ्यांनी त्याची नाडी तपासली नाही, की त्याच्याशी दोन शब्द बोलण्याची तसदी घेतली नाही. त्याचे वजन होते सुमारे ६५ किलो. प्रचलित प्रमाणानुसार त्यास सुमारे ३२५ मिलिग्रॅम मात्रा पुरेशी ठरली असती. टोचण्यात आली ५०० मिलिग्रॅम. रुग्णालयाच्या वाटेवर त्याचे हृदय बंद पडले. ३० ऑगस्ट रोजी त्याचा मृत्यू झाला.

कागद बोलू लागले तेव्हा

पहिल्या शवविच्छेदन अहवालात मृत्यूचे कारण ‘अनिर्णित’ असल्याचे लिहिले गेले, आणि स्थानिक सरकारी वकिलाने कोणावरही खटला भरण्याचे नाकारले. २०२० साली मिनियापोलिसमध्ये जॉर्ज फ्लॉइडची हत्या झाली आणि देशभर लक्षावधी लोक रस्त्यावर उतरले, तेव्हा कुठे कोलोरॅडोच्या राज्यपालांना या प्रकरणाची नव्याने चौकशी करवून घेणे भाग पडले. २०२१ साली दुरुस्त केलेल्या शवविच्छेदन अहवालात मृत्यूचे कारण स्पष्ट नोंदले गेले: बळाने जखडल्यानंतर दिलेल्या केटामीनची गुंतागुंत. परंतु हा अहवालही सप्टेंबर २०२२ पर्यंत कुलुपातच राहिला. तो खुला करून घेण्यासाठी वृत्तसंस्थांना न्यायालयाची पायरी चढावी लागली.

मॅक्लेनचे प्रकरण एकटे नव्हते. पोलिसांनी जखडल्यानंतर झालेल्या मृत्यूंचा शोध असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने आपल्या सहकाऱ्यांसह घेतला आणि २०२४ साली तो प्रसिद्ध केला. २०१२ ते २०२१ या दहा वर्षांत अशा किमान ९४ मृतांना शामक औषध टोचले गेले होते, आणि त्यांतील सुमारे निम्मे कृष्णवर्णीय होते. अमेरिकेच्या लोकसंख्येत कृष्णवर्णीयांचे प्रमाण सातात एक एवढेही नाही. औषधाला रंग कळत नाही. रंग कळतो तो टोचण्याचा हुकूम देणाऱ्याला.

हा हिशेब शासनाने का ठेवला नाही? कारण नोंदी दोन कपाटांत विभागलेल्या होत्या. पोलिसांच्या कपाटात लिहिलेले असे की, इसमास वैद्यकीय कर्मचाऱ्यांच्या हवाली केले. रुग्णवाहिकेच्या कपाटात लिहिलेले असे की, पोलिसांनी अनावर म्हणून सोपविलेल्या रुग्णास औषध दिले. पहिले कपाट तपासाच्या नावाखाली बंद आणि दुसरे रुग्णाच्या गोपनीयतेच्या नावाखाली बंद. मरणारा माणूस या दोन कपाटांच्या मधल्या फटीत पडत असे. गोपनीयता ही रुग्णाची ठेव आहे. त्याचा जीव घेणाऱ्यांनीच ती ढालीसारखी पुढे करावी आणि त्याच्या आईने कागदांसाठी दारोदार हिंडावे, यापरती विटंबना कोणती?

रोगाचे नाव आणि राज्यकर्त्यांची सोय

या साऱ्या व्यवहाराला शास्त्राचा मुलामा देणारी एक संज्ञा होती: ‘एक्सायटेड डिलिरियम’, म्हणजे उन्मत्त भ्रमावस्था. १९८५ साली मायामी येथील एका सरकारी शवचिकित्सकाने कोकेनच्या संदर्भात ती पुढे आणली. त्याच शहरात त्या काळी अनेक कृष्णवर्णीय स्त्रिया मृतावस्थेत सापडल्या होत्या. त्यांचे मृत्यू कोकेन व कामक्रीडा यांच्या संयोगाने झाले, असा सिद्धांत याच गृहस्थाने मांडला होता. फेरतपासणीत त्या स्त्रियांचे खून झाल्याचे निष्पन्न झाले. तरीही ही संज्ञा पोलिसांच्या प्रशिक्षणात शिरली, आणि २००९ साली आपत्कालीन डॉक्टरांच्या राष्ट्रीय संघटनेने तिला श्वेतपत्रिकेचा आधार दिला. फ्लॉइडच्या मानेवर गुडघा दाबलेला असताना शेजारच्या शिपायाच्या ओठी हेच शब्द आले होते.

२०२१ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनने ही संज्ञा अमान्य केली, २०२३ साली डॉक्टरांच्या त्या संघटनेने आपली श्वेतपत्रिका मागे घेतली, आणि त्याच वर्षी कॅलिफोर्नियाने मृत्यूचे कारण म्हणून तिचा वापर करण्यास कायद्याने बंदी घातली. मधल्या चौदा वर्षांत किती कुटुंबांना ‘तुमचा मुलगा रोगाने गेला’ असे सांगून परत पाठविले गेले असेल, याचा हिशेब मात्र कोणत्याही ठरावात नाही.

शिक्षा कोणाला?

डिसेंबर २०२३ मध्ये अरोरातील दोन्ही वैद्यकीय कर्मचारी निष्काळजीपणे मृत्यू घडविल्याच्या गुन्ह्यात दोषी ठरले. तिघा पोलिसांपैकी एक दोषी ठरला, दोघे निर्दोष सुटले. अग्निशामक कामगारांच्या राष्ट्रीय संघटनेने या खटल्याचा निषेध केला. जसे शिकविले गेले तसेच आपण वागलो, असे कर्मचाऱ्यांचे म्हणणे होते. कामगार चळवळीने हा प्रश्न टाळून चालणार नाही.

रुग्णवाहिकेवर राबणारा माणूस हाही पगारावर जगणारा कामगार आहे, ही गोष्ट खरी. चुकीचा रोग त्याने शोधून काढला नाही. केटामीन वापरण्याचे परवाने त्याने वाटले नाहीत. मिनियापोलिसचा प्रयोग आखणारे व श्वेतपत्रिका लिहिणारे कोणत्याही पिंजऱ्यात उभे राहिले नाहीत. तथापि, हुकमाची सबब सांगून बेड्यांतल्या निराधार माणसाच्या देहात सुई खुपसण्याचा अधिकार कोणत्याही कामगाराला मिळत नाही. त्याचे हित पोलिसांच्या हुकमाला ‘नाही’ म्हणता येण्यात आहे, आणि ते बळ त्याला कायद्याने व संघटनेनेच द्यावयास हवे. कोलोरॅडोने २०२१ साली केलेला कायदा या दिशेने गेला: रुग्णालयाबाहेर केटामीनच्या वापरावर त्याने कडक निर्बंध घातले, आणि ते टोचण्याविषयी वैद्यकीय कर्मचाऱ्यांवर दबाव आणण्यास पोलिसांना मनाई केली. या कायद्याने नागरिकाला जसे संरक्षण मिळते, तसेच ते कामगारालाही मिळते. संघटनेने आपली शक्ती या मागणीमागे उभी करावयास हवी होती.

भारतीय वाचकाला हा प्रकार परका वाटण्याचे कारण नाही. सोडियम पेंटोथाल टोचून आरोपीकडून जबाब वदवून घेणारी नार्को चाचणी येथील पोलिसांनी वर्षानुवर्षे वापरली, आणि त्यासाठी भूलतज्ज्ञ सुई घेऊन उभा राहिला. सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यात ५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने संमतीवाचून होणाऱ्या अशा चाचण्या घटनाबाह्य ठरविल्या. कागदांच्या कपाटाचीही तीच गोष्ट. २००५ च्या माहिती अधिकार कायद्यातील कलम ८(१)(ञ) मध्ये एक मोलाची ग्वाही होती: जी माहिती संसदेस नाकारता येत नाही, ती नागरिकासही नाकारता येणार नाही. संसदेने २०२३ साली संमत केलेल्या विदा संरक्षण कायद्याने ही ग्वाही गाळून टाकण्याची तरतूद केली. तेथेही शब्द तोच, गोपनीयता! अमेरिकेत ज्या कुलपाने ९४ मृत्यूंचा हिशेब अडवून धरला, तसेच कुलूप येथे घडविले गेले आहे.

म्हणून मागणी स्पष्ट असली पाहिजे. पोलिसांच्या हजेरीत कोणालाही गुंगीचे औषध दिले गेल्यास ते कोणी मागितले, कोणी टोचले, किती टोचले आणि पुढे काय झाले, याची एकाच ठिकाणी नोंद व्हावी. ती नोंद प्रथम त्या माणसाच्या आप्तांना आणि नाव वगळून सर्व जनतेला खुली असावी. मिनियापोलिसमध्ये तीनाचे ६२ होईपर्यंत कुणाला सुगावा लागला नाही, कारण ते मोजण्याचा अधिकार जनतेच्या हाती नव्हता. हा अधिकार लढूनच मिळवावा लागेल.