नेमणूक पत्र गेले, ठेकेदाराची चिठ्ठी आली

म्युनिसिपालिटीत किंवा सरकारात नोकरी लागली म्हणजे आमच्या बापजाद्यांना काय मिळत असे, हे आजच्या पोरांना समजावून सांगावे लागते. पगार मोठा नव्हता, पण महिन्याच्या महिन्याला येई. फंड कापला जाई, काहींना खोली मिळे, म्हातारपणी पेन्शन असे. त्या एका नोकरीवर गावाकडची दोन-तीन घरे जगली, पोरी कॉलेजात गेल्या, वस्तीतल्या विहाराची वर्गणी निघाली. ज्या नोकरदार वर्गाला आज आपलेच लोक 'साहेब झाले' म्हणून टोमणे मारतात, तो वर्ग या नेमणूक पत्रांतून उभा राहिला.

काम आजही तेच आहे. रस्ता झाडावा लागतो, गटार साफ करावे लागते, फाईल टेबलावर न्यावी लागते. मालकाने बदलले ते कामाच्या बदल्यात द्यायचे दान! राज्य सरकारने 1 नोव्हेंबर 2005 पासून नव्याने लागणाऱ्यांची जुनी पेन्शन काढून घेतली. त्याविरुद्ध मार्च 2023 मध्ये राज्यभर संप झाला. पण ज्यांना नेमणूकच मिळत नाही त्यांनी कोणत्या पेन्शनसाठी संप करायचा?

मुंबईच्या सफाई कामगारांचेच पाहा. रोज कचरा उचलणाऱ्याला 'स्वयंसेवक' म्हटले आणि त्याच्या पगाराला 'मानधन'. स्वयंसेवकाला फंड नसतो, रजा नसते, किमान वेतनही नसते! शब्द बदलला की कायदा बाहेर थांबतो, हे मालकांना चांगले कळले आहे. महापालिकेच्या कंत्राटी सफाई कामगारांची संघटना वर्षानुवर्षे कोर्टात भांडली, तेव्हा एप्रिल 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुमारे 2,700 जणांना कायम करण्याचा निकाल दिला. त्यासाठी किती जणांनी उमेदीची वर्षे घालवली?

6 सप्टेंबर 2023 रोजी राज्य सरकारने शासन निर्णय काढून नऊ खाजगी एजन्सींमार्फत कुशल-अकुशल अशी सर्व तऱ्हेची पदे भरण्याचा मार्ग मोकळा केला. ओरड झाली आणि 20 ऑक्टोबरला तो रद्द केल्याचे जाहीर झाले. आपल्याकडे पेढे वाटले गेले. कागद रद्द झाला, ठेकेदारी कुठे रद्द झाली? एजन्सीने माणूस नेमला की रोस्टर लागत नाही, बिंदुनामावली विचारायची कोणाला? आरक्षणाला हात न लावता आरक्षण संपवण्याची ही सोपी युक्ती आहे. झाडूच्या कामाला मात्र ठेकेदार न सांगता आमच्याच वस्तीत येतो.

1938 साली मनमाडला दलित रेल्वे कामगारांच्या परिषदेत बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू सांगितले, ते उगाच नव्हे. अस्पृश्य कामगार गँगमन म्हणून लागायचा आणि गँगमन म्हणूनच निवृत्त व्हायचा; गिरणीत विणकाम खात्याचे दार त्याला बंद होते. प्रश्न मजुरीचा होता, तसाच कोणते काम कोणाला, हाही होता. ठेकेदारीत हे दोन्ही प्रश्न पुन्हा एकत्र आले आहेत.

21 नोव्हेंबर 2025 पासून चार कामगार संहिता लागू झाल्या. त्यात नेमणूक पत्र सक्तीचे आहे, ठरावीक मुदतीच्या कामगाराला एक वर्षानंतर ग्रॅच्युइटी आहे. चांगले आहे, आपण ते मागून घेतलेच पाहिजे. पण कंत्राटी कामगारांच्या तरतुदींसाठी 1970 च्या कायद्यात 20 कामगारांची अट होती, ती आता 50 झाली. एकोणपन्नास माणसे ठेवणारा ठेकेदार सुटला. मोठ्या कामाचे लहान लहान तुकडे पाडायला टेंडरवाल्यांना शिकवावे लागत नाही!

याच मुंबईत 1935 साली बाबासाहेबांनी म्युनिसिपल कामगार संघ उभा केला. आज आपल्या किती शाखा ठेकेदाराच्या कामगारांना सभासद करून घेतात? जयंतीच्या वर्गणीला तो आपला, युनियनमध्ये मात्र परका. आणि आपले नगरसेवक? सफाईचे टेंडर सभागृहात येते तेव्हा त्यांनी ठेकेदाराच्या कामगारांची यादी मागावी. माणसे किती, कोण कोणत्या कामावर, त्यात आपली किती आणि सुपरवायझर किती, फंडाचा शेवटचा भरणा कोणत्या महिन्याचा. यादी मिळेपर्यंत टेंडरला हात वर करू नये.